सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर : स्वस्त साधनांची निवड

इलेक्ट्रॉनिकीचा छंद ज्याला लागला, त्याला प्रारंभी दोनच साधनांची खरी गरज भासते. तारा व घटक एकमेकांस डाख देऊन जोडणारे सोल्डरिंग आयर्न हे पहिले. मंडलातील विद्युत् दाब, प्रवाह आणि रोध मोजणारा मल्टिमीटर हे दुसरे. पहिले साधन हाताचे काम करते, दुसरे डोळ्याचे. ही दोन्ही साधने बाजारात काही शे रुपयांपासून अनेक हजारांपर्यंत मिळतात. नवशिका आणि त्याचे वडीलधारे साहजिकच सर्वांत कमी किमतीच्या वस्तूकडे वळतात, आणि बहुधा त्यात फार मोठी चूक नसते. मात्र किंमत कमी करताना कारखानदाराने नेमके काय वगळले, हे जाणल्यावाचून ‘स्वस्त’ या शब्दाला अर्थ येत नाही. काही गोष्टी वगळल्या तर केवळ सोय जाते. काही वगळल्या तर मापन खोटे ठरते. आणि एखादी वगळली तर जिवावर बेतते. हा भेद कसा ओळखावा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

एक नित्याचे काम

विवेचनास आधार म्हणून एक साधे काम डोळ्यांपुढे ठेवू. कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवर गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. सतराव्या शतकातील बोधेंद्र सरस्वती यांची समाधी येथे असल्याने दक्षिणेकडील नामसंकीर्तनाच्या परंपरेत या गावाला विशेष मान आहे. २०११ साली येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव परके वाटू नये. या परंपरेच्या भजनात तमिळ व संस्कृत पदांच्या बरोबरीने मराठी अभंगही गायिले जातात.

भजन गोविंदपुरम्‌चे असो की आपल्याकडील एखाद्या खेड्यातील हरिनाम सप्ताहाचे असो, आज ते मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक यांवाचून सहसा होत नाही. या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा भाग म्हणजे मायक्रोफोनची तार. ती रोज गुंडाळली जाते, पायाखाली येते, ओढली जाते. आणि बहुधा प्लगाजवळच आतल्या आत तुटते. वरून तार अखंड दिसते, आवाज मात्र येत नाही, किंवा खरखर करीत येतो-जातो. दोष कोठे आहे हे मल्टिमीटरने शोधणे आणि तो डाख देऊन दुरुस्त करणे, हे काम कोणत्याही हौशी मनुष्याला साधण्यासारखे आहे. साधनांची पारख करण्यासही ते पुरेसे आहे.

कथलाचा धडा

गोविंदपुरम् ज्या प्रदेशात आहे त्या तंजावर-कुंभकोणम् भागातील स्वयंपाकघरात ‘ईयच्चोंबु’ नावाचे एक भांडे असते. ‘ईयम्’ म्हणजे येथे कथील, आणि ‘चोंबु’ म्हणजे तांब्यासारखे भांडे. जुन्या वळणाची गृहिणी रसम यातच करते. ते वापरण्याचा एक नियम ती कधीही मोडीत नाही : भांडे कोरडे विस्तवावर ठेवायचे नाही. आत पाणी असेतोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. पाणी आटले की ते चढू लागते, आणि २३२ अंशांवर कथील वितळून भांड्याचा गोळा होतो.

स्वयंपाकघरात जो कथलाचा दोष, तोच डाखकामात त्याचा गुण होय. शिसे ३२७ अंशांवर वितळते. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू केला, तर तो १८३ अंशांवरच, म्हणजे दोन्ही घटकांच्या आधी, एकदम वितळतो. बाजारात सामान्यतः मिळणारा ६० : ४० प्रमाणाचा डाख १८३ अंशांवर मऊ होऊ लागून १९० अंशांच्या आत पूर्ण द्रवरूप होतो. शिसेविरहित डाखात कथलाबरोबर थोडे चांदी व तांबे असते आणि त्याला सुमारे २१७ ते २२० अंश लागतात. युरोपीय संघाने २००६ साली बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यापासून कारखान्यांत हाच डाख रूढ झाला. नवशिक्याच्या हाताला मात्र ६० : ४० सोपा जातो.

डाख म्हणजे डिंक नव्हे. वितळलेले कथील तांब्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक अतिशय पातळ थर निर्माण करते, आणि त्या थरामुळेच सांधा धरतो. त्यासाठी दोन अटी आहेत : तांबे स्वच्छ हवे, आणि ते स्वतः पुरेसे तापलेले हवे. कल्हईवाला भांडे आधी तापवितो, त्यावर नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवितो. त्याच्या कृतीचे रहस्य हेच. नवसागर पृष्ठभागावरील ऑक्साइड काढून टाकतो. इलेक्ट्रॉनिक कामात हे कार्य राळ करते. नवसागर किंवा आम्लयुक्त अभिवाह येथे कटाक्षाने टाळावा, कारण मागे राहिलेला अंश बारीक तारा हळूहळू खाऊन टाकतो.

डाखाच्या तारेत राळ आधीच भरलेली असते. या तारेवर काटकसर करू नये, हा आमचा पहिला सल्ला. कथील शिशापेक्षा महाग असल्याने हलक्या प्रतीच्या तारेत कथलाचे प्रमाण कमी केलेले असते. ४० भाग कथील आणि ६० भाग शिसे असलेला डाख पूर्ण वितळण्यास सुमारे २३८ अंश लागतात, आणि थिजताना तो बराच वेळ अर्धवट मऊ अवस्थेत राहतो. तेवढ्यात हात हलला की सांधा निस्तेज, दाणेदार आणि कच्चा होतो. नवशिका दोष आपल्या हाताला किंवा आयर्नला देतो. दोष असतो तारेचा. सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून किंचित कमी जाडीची, घटकांचे प्रमाण स्पष्ट छापलेली तार घ्यावी.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. तमिळमध्ये कथलाला ‘वेळ्ळीयम्’ म्हणजे पांढरे ईयम् आणि शिशाला ‘कारीयम्’ म्हणजे काळे ईयम् म्हणतात. नावे जवळची असली तरी एक धातू अन्नाचा सोबती आणि दुसरा विष आहे. चिंचेच्या आंबट पाण्यात शिसे उतरते. म्हणून इलेक्ट्रॉनिकीचा डाख कोणत्याही भांड्याच्या दुरुस्तीस वापरू नये, स्वयंपाकाच्या ओट्यावर डाखकाम करू नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. आयर्नच्या नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याची भीती जवळजवळ नसते. ते पोटात जाते ते बोटांवाटे. डाख देताना जो धूर दिसतो तो राळेचा होय. तोही छातीला अपायकारक असल्याने खोलीत वारा खेळता असावा.

आयर्न : वॉट आणि तापमान

आता आयर्नकडे वळू. साध्या आयर्नमध्ये नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. ती अखंड तापत राहते आणि तिची उष्णता टोकापर्यंत पोहोचते. त्यावर २५ वॉट किंवा ६० वॉट असा आकडा छापलेला असतो. हा आकडा तापमान सांगत नाही, दर सेकंदाला मिळणारी उष्णता सांगतो. रिकामे पडलेले साधे आयर्न तापत तापत गरजेपेक्षा कितीतरी वर जाते. मोठ्या सांध्याला टेकवताच त्याचे टोक झपाट्याने निवते.

मायक्रोफोनच्या प्लगात हा फरक उत्तम दिसतो. आतील बारीक तार मधल्या लहान पट्टीला जोडावयाची असते. हे काम २५ वॉटचे आयर्न दोन-तीन सेकंदांत करते. भोवतालची जाळी मात्र प्लगाच्या धातूच्या मोठ्या जिभेला जोडावी लागते, आणि ती जीभ उष्णता शोषून घेते. टोक निवते, डाख पसरत नाही, आणि आपण आयर्न दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो. तेवढ्या वेळात उष्णता तारेतून मागे जाऊन आतील प्लॅस्टिकचे आवरण वितळते, आणि दुरुस्त करावयास घेतलेल्या तारेत नवा दोष उत्पन्न होतो. तात्पर्य, नाजूक काम बिघडते ते अधिक उष्णतेने नव्हे, तर अपुऱ्या उष्णतेला द्याव्या लागणाऱ्या अधिक वेळाने.

तापमान-नियंत्रित आयर्नचे महत्त्व यातच आहे. त्यात ६० वॉट किंवा त्याहून अधिक शक्ती राखून ठेवलेली असते, परंतु टोक ठरविलेल्या तापमानाला पोहोचले की ती आपोआप तुटते आणि टोक निवू लागले की पुन्हा सुरू होते. ही युक्ती नवी नाही. वेलर कंपनीच्या ‘मॅग्नास्टॅट’ प्रकारच्या आयर्नमध्ये टोकाला विशिष्ट चुंबकीय धातूचा तुकडा बसविलेला असे. ठराविक तापमानाला त्याचे चुंबकत्व नाहीसे होई आणि कळ सुटे. निवताच चुंबकत्व परत येई आणि कळ बसे. आज हेच काम उष्णतासंवेदक आणि एक लहानशी चकती करते. त्यामुळे जे साधन पूर्वी फक्त कारखान्यांना परवडे, ते आज हौशी मनुष्याच्या आवाक्यात आले आहे. यूएसबी-सी जोडणीवर चालणारी, पेनाएवढी, नियंत्रित आयर्नेही आता मिळतात. शिसेयुक्त डाखासाठी टोकाचे तापमान ३२० ते ३५० अंशांच्या दरम्यान ठेवले असता बहुतेक कामे होतात.

मग २५ वॉटचे साधे आयर्न टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. ‘सोल्ड्रॉन’सारख्या देशी बनावटीच्या साध्या आयर्नवर या देशातील कित्येक हौशी मंडळींनी आपले पहिले रेडिओ जोडले आहेत. ज्याला महिन्यातून चार सांधे द्यावयाचे आहेत त्याला ते पुरे. मात्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. टोक लोखंडाचा मुलामा दिलेले असावे. नुसते तांब्याचे टोक कथलात हळूहळू विरघळून झिजते आणि वारंवार कानशीने घासावे लागते. मुलाम्याच्या टोकाला कानस कधीही लावू नये, ओल्या स्पंजाने पुसून वर डाखाचा पातळ थर ठेवावा. दुसरे, त्याच मापाची सुटी टोके दुकानात मिळत असावीत. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आयर्नला तीन पिनांचा, भूसंपर्क असलेला प्लग असावा आणि त्यावर आयएसआय चिन्ह असावे. दोन पिनांच्या आयर्नमधील निरोधक बिघडला तर २३० व्होल्टचा दाब थेट टोकावर आणि तेथून हातात येऊ शकतो. किंचित गळणारा प्रवाह मनुष्याला जाणवत नाही, तथापि नाजूक ट्रान्झिस्टर निकामी करण्यास तो पुरेसा असतो.

टोकाच्या आकाराविषयीही एक गैरसमज आहे. सुईसारखे टोक नवशिक्याला आकर्षक वाटते, परंतु त्याचा सांध्याशी स्पर्श अल्प असल्याने उष्णता नीट जात नाही. छिन्नीसारखे, सुमारे दोन मिलिमीटर रुंदीचे चपटे टोक अधिक उपयोगी पडते.

मल्टिमीटर : खरे माप आणि खोटे माप

एकाच पेटीत अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजावेत ही कल्पना ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याने मूर्त केली. त्याचा ‘ॲव्होमीटर’ १९२३ साली बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम या शब्दांच्या रोमन आद्याक्षरांवरूनच ते नाव पडले. महाराष्ट्रात नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीने मल्टिमीटर बनविले, आणि अनेक प्रयोगशाळांत ते वापरले गेले. याच मोटवाने घराण्याचे ‘शिकागो रेडिओ’ हे नाव स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या सभांतील ध्वनिक्षेपकांवर दिसे. वाणी दूरवर पोहोचविणे आणि विद्युत् मोजणे हे उद्योग एकाच घरात वाढले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्राहक मल्टिमीटर पाहताना प्रथम अचूकतेचा आकडा पाहतो. वस्तुतः हौशी कामात तो दुय्यम आहे. १९९९ पर्यंत आकडे दाखविणाऱ्या साध्या अंकीय मापकाची चूक, समजा, ‘वाचनाच्या अर्धा टक्का अधिक शेवटच्या स्थानाचे दोन अंक’ एवढी आहे. २० व्होल्टच्या पल्ल्यावर त्याने ५·०० व्होल्ट दाखविले, तर चूक ०·०२५ अधिक ०·०२, म्हणजे ०·०४५ व्होल्ट. खरा दाब ४·९५५ ते ५·०४५ या दरम्यान आहे, इतके कळले. घरगुती कामाला याहून अधिक काय हवे?

खरा घोटाळा होतो तो मापकाच्या अंतर्गत रोधामुळे. मोजताना मापकही मंडलाचा भाग बनतो आणि थोडा प्रवाह स्वतःकडे ओढतो. एक उदाहरण पाहा. ९ व्होल्टच्या बॅटरीला १० लाख ओहमचे दोन रोधक एकसरीत जोडले. मधल्या बिंदूवर ४·५ व्होल्ट असावयास हवेत. दर व्होल्टला २०,००० ओहम असलेला काट्याचा मापक १० व्होल्टच्या पल्ल्यावर लावला, तर त्याचा रोध २ लाख ओहम होतो आणि काटा सुमारे १·३ व्होल्ट दाखवितो. १० लाख ओहमचा स्वस्त अंकीय मापक ३ व्होल्ट दाखवितो. १ कोटी ओहमचा मापक सुमारे ४·३ व्होल्ट दाखवितो. तिन्ही मापक शाबूत आहेत, आणि तिघांनीही आपल्या उपस्थितीतील खरा दाब सांगितला आहे! म्हणून पुस्तिकेत ‘अंतर्गत रोध १ कोटी ओहम’, अर्थात १० मेगओहम, असे लिहिले असेल तो मापक थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावा. ‘डीटी ८३०’ या नावाखाली सर्वत्र विकल्या जाणाऱ्या लहान मापकांत हा रोध सामान्यतः १० लाखच असतो.

मायक्रोफोनच्या तारेसाठी मात्र तोही मापक चालेल. तार दोन्ही बाजूंनी सोडवावी, रोधाच्या पल्ल्यावर एका टोकाच्या मधल्या पट्टीपासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या पट्टीपर्यंत मोजावे. रोध जवळजवळ शून्य दिसावा. मधली पट्टी आणि जाळी यांच्यामध्ये काहीच संबंध दिसता कामा नये. मग मापक तसाच ठेवून प्लगाजवळ तार हळूहळू वाकवावी. आकडा जेथे उड्या मारू लागेल तेथे तार तुटलेली आहे. संबंध जुळताच घंटी वाजविणारा पल्ला मापकात असेल, तर डोळे तारेवर ठेवून हे काम करता येते. ही सोय थोड्या पैशांत पुष्कळ देते. रोध मोजताना मंडलात वीज कधीही चालू नसावी.

जेथे काटकसर करू नये

आतापर्यंतच्या चुकांनी काम बिघडते. यापुढील चुकीने मनुष्य दगावतो. अतिस्वस्त मापकावर ७५० किंवा १,००० व्होल्ट असे आकडे छापलेले असतात. त्यावरून तो घरातील २३० व्होल्टना सहज तोंड देईल असा समज होतो. परंतु वीजवाहिनीवर क्षणमात्र येणारे दाबाचे झटके याहून कितीतरी मोठे असतात, आणि त्यांना पेलण्यासाठी मापकाच्या आत पुरेसे अंतर, जाड निरोधक आणि योग्य फ्यूज लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाने यासाठी ‘कॅट दोन’, ‘कॅट तीन’, ‘कॅट चार’ अशा श्रेणी ठरविल्या आहेत. घरातील सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी निदान दुसरी श्रेणी आणि घरातील वीज-वितरणाच्या फलकासाठी तिसरी हवी. केवळ छापलेल्या अक्षरांवर मात्र विसंबू नये. नामांकित उत्पादकाची वस्तू आणि जाड, अखंड आवरणाच्या तारा पाहूनच घ्यावी.

विशेष लक्ष द्यावे ते १० अँपिअरच्या छिद्राकडे. तेथे पुष्कळ स्वस्त मापकांवर ‘अनफ्यूज्ड’ असा शब्द असतो, म्हणजे त्यामागे फ्यूज नाही. प्रवाह मोजल्यानंतर तार त्या छिद्रातच विसरली आणि कोणी तीच टोके सॉकेटमध्ये घातली, तर मापक म्हणजे निव्वळ जाड तारेचा तुकडा ठरतो. शॉर्ट सर्किट होऊन टोके हातात असतानाच मापक फुटू शकतो. दर्जेदार मापकात येथे वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज असतो, आणि तो अशा वेळी स्वतः जळून हात वाचवितो. त्या फ्यूजची किंमत हीच दोन मापकांच्या किमतींतील फरकाचा मोठा भाग असते.

यावरून साधा नियम निघतो. ज्याच्याजवळ फक्त अतिस्वस्त मापक आहे त्याने बॅटरीवर चालणाऱ्या मंडलांपुरताच तो वापरावा. ध्वनिवर्धकाची तार दुरुस्त करावी, परंतु ध्वनिवर्धकाची पेटी उघडू नये; तिच्यातील धारित्रे वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात. ज्याला सॉकेटपर्यंत जावयाचे आहे त्याने आधी मापक बदलावा. आणि मापक कोणताही असो, वीज नाही अशी खात्री करताना तो प्रथम चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहावा, मग संशयित ठिकाणी, आणि पुन्हा चालू ठिकाणी. मुका झालेला मापक शून्यच दाखवितो.

खरेदी

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि गोविंदपुरम्‌च्या वाचकाला चेन्नईतील रिची स्ट्रीट या बाजारांत ही साधने हाताळून घेता येतात. मापक दुकानातच तपासावा. दोन्ही टोके एकमेकांस टेकवून रोध पाहावा; तो अर्ध्या ओहमच्या आसपास, स्थिर असावा, आणि तारा वाकविल्या तरी हलू नये. दीड व्होल्टचा कोरा अल्कलाइन सेल सुमारे १·६ व्होल्ट दाखवील. मापकातील बॅटरी क्षीण झाली म्हणजे स्वस्त मापक खोटी मापे देऊ लागतो, हे पुढेही लक्षात ठेवावे.

पैसे मोजकेच असतील तर त्यांची वाटणी अशी करावी : मोठा वाटा मापकावर, त्याखालोखाल डाखाच्या चांगल्या तारेवर, आणि उरलेल्यात भूसंपर्क असलेले साधे आयर्न व त्याचा स्टँड. छंद टिकला, हात बसला, की तापमान-नियंत्रित आयर्न घ्यावे. आयर्न साधे असले तर कौशल्याने त्याची उणीव भरून काढता येते. मापकाची उणीव कौशल्याने भरून निघत नाही, कारण ती आपल्याला दिसतच नाही.

कोरडे भांडे चुलीवर न ठेवणारी गृहिणी आणि भांडे तापल्यावाचून कथील न फिरविणारा कल्हईवाला यांनी धातूचा स्वभाव पुस्तकावाचून ओळखला. त्यांची साधने महाग नव्हती. ती कोठवर साथ देतील हे मात्र त्यांना अचूक ठाऊक होते. हौशी कारागिरालाही आपल्या आयर्नची आणि मापकाची मर्यादा तितकीच ठाऊक असावी.